आलेल्यांची नोंद

१

चेन्नईजवळच्या कोवलमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात दोन वर्षांत चार हार्ड डिस्क बाद झाल्या, तेव्हा मधुवंती सबनीसने ठरवलं की आता त्या कॉम्प्युटरला डिस्क द्यायचीच नाही. ऑफिस म्हणजे समुद्रापासून साठ-सत्तर पावलांवरची एक खोली. खिडकीच्या गजांना हात लावला की तळव्याला मीठ आणि गंज दोन्ही लागायचे. टेबलाच्या कडा, पंख्याची पाती, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं कायम चिकट. तिथे डिस्क टिकणार कशी?

म्हणून तिने सगळी व्यवस्था एका पेनड्राइव्हवर बसवली. सुरू करताना पेनड्राइव्ह लावायचा, अख्खी सिस्टीम त्यावरून मेमरीत यायची, दिवसभर तिथेच चालायची आणि बंद केलं की पुसून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी करकरीत. बिघडायला आत काही उरायचंच नाही. होड्यांची नोंद तेवढी मोबाइलच्या डोंगलवरून शहरातल्या सर्व्हरवर जायची.

नोंदही साधीच होती. सकाळी कुठल्या नंबरच्या होडीतून किती माणसं गेली, दुपारी किती परत आली. गेलेल्यांपेक्षा आलेले कमी भरले तर बचाव पथकाला आपोआप संदेश जायचा. मधुवंतीची कंपनी चेन्नईतल्या अंबत्तूरमधली, दहा-बारा माणसांची. किनाऱ्यावरच्या नऊ गावांचं हे काम तिच्याकडे होतं आणि आठ गावांत ते विनातक्रार चालू होतं. नववं कोवलम. शुक्रवारी दुपारी चार वाजता मत्स्य खात्याचे अधिकारी येऊन, लिहिणं आधीच थांबवलेली कागदी वही रीतसर बंद करणार होते, आणि त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कनकाचा फोन आला.

कनका तिथली कारकून, तिशीची, मोजकं बोलणारी. तिने तमिळमध्ये सांगितलं की मशीन व्यवस्थित चालू आहे, तक्रार काही नाही, फक्त तो पेनड्राइव्ह परत घेऊन जा, त्याची गरज पडत नाही.

मधुवंतीला आधी वाटलं, आपल्याला तमिळ नीट कळलं नाही. सहा वर्षं चेन्नईत काढूनही असं व्हायचं. तिने पुन्हा विचारलं. कनकाने पुन्हा तेच सांगितलं. पेनड्राइव्ह तिने तांदूळ भरलेल्या डब्यात ठेवला होता, ओल लागू नये म्हणून. दहा-बारा दिवसांत डबा उघडलेलाच नव्हता. मशीन त्याच्याशिवायच सुरू होत होतं.

डिस्क नाही, पेनड्राइव्ह नाही. मग सुरू होतंय ते काय? मधुवंतीने चडफडत हेल्मेट उचललं. अंबत्तूर ते कोवलम स्कूटरवरून पावणेदोन तास.

२

तिने पेटी उघडून पाहिली. डिस्कची जागा रिकामी होती. स्वतःच्या हातांनी काढलेल्या तारा तशाच दोरीने बांधलेल्या. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मात्र हिरवा पडला होता. तो पाहून तिला हायसं वाटलं; एक कारण तरी सापडलं होतं. सेल मेला की कॉम्प्युटर आपली सेटिंग विसरतो. आधी पेनड्राइव्ह बघ, हे तिने सांगितलेलं तो विसरला होता आणि कारखान्यातून आला तसा आधी नेटवर्ककडे वळत होता.

जवळ काहीच नसलेला कॉम्प्युटर नेटवर्कवर हाक घालतो. मला सुरू व्हायचंय, कोणी सिस्टीम देईल का? मोठ्या ऑफिसांत अशा हाकेला उत्तर द्यायला एक सर्व्हर बसवलेला असतो. जो पहिला उत्तर देतो त्याचं कॉम्प्युटर ऐकतो. तो जे हातात देईल ते चालवतो. नावगाव विचारत नाही.

पण त्यासाठी मागे केबल लावलेली असावी लागते. या खोलीत केबल नव्हती. कधीच नव्हती. पाठीमागचं नेटवर्कचं भोक धूळ आणि मिठाने निम्मं भरलं होतं.

"संजीव, तिथे उत्तर देणारं कोणी नाहीये," तिने बॉसला फोनवर सांगितलं. संजीव म्हणाला की कनका पेनड्राइव्ह लावत असेल आणि विसरत असेल, तू सेल बदल आणि ये. त्याचं म्हणणं मधुवंतीला पटलं. तिने सेल बदलला, क्रम पुन्हा लावला, पेनड्राइव्ह लावून तीनदा सुरू करून दाखवलं. तिन्ही वेळा सरळ सुरू झालं. कनका सगळं बघत होती. तिने मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान काही दिसलं नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सोसायटीचे मानद चिटणीस कृष्णकांतराव बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, तंजावरच्या मराठी घराण्यातले, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात आयुष्य काढून कोवलमला येऊन राहिलेले. मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून पहिल्या दिवसापासून ते मधुवंतीवर खूश होते. त्यांची मराठी जुन्या कागदांतल्यासारखी होती आणि हेल तमिळचा. मधुवंती त्यांना काका म्हणायची.

"जालें काय बाई?" त्यांनी विचारलं.

झालं, असं तिने सांगितलं. परत निघाली तर तिच्या स्कूटरचं मागचं चाक वाळूत रुतलेलं. कनकाचा धाकटा भाऊ वेलायुधम, सगळे त्याला वेलु म्हणत, जाळं टाकून धावत आला आणि त्याने एका हिसक्यात स्कूटर बाहेर काढली. सव्वीस वर्षांचा, उन्हाने काळवंडलेला, अंगात हिरवा शर्ट. अकरा नंबरच्या होडीवर जायचा. अक्का, तुमचं मशीन समुद्रात टाकू का, म्हणजे तुम्हाला एवढ्या लांब यायला नको, असं तो हसत म्हणाला. आठवड्यात मधुवंती हसली ती तेवढीच.

३

मंगळवारी सकाळी कनकाने फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती: नेटवर्कवरून सुरू होत आहे, उत्तर मिळालं. खाली टेबलावर पेनड्राइव्ह पडलेला स्पष्ट दिसत होता.

मधुवंती बुधवारी दुसऱ्या गावी अडकली आणि गुरुवारी पुन्हा कोवलमला पोचली, तेव्हा दहा वाजून गेले होते. किनाऱ्यालगतचा ईसीआर हमरस्ता खणलेला, पाठ घामाने भिजलेली, डोकं तापलेलं. तिने कनकाला बाजूला बसवलं आणि सगळं स्वतः केलं. आधी सेटिंग तपासली. सोमवारी लावलेला क्रम तसाच होता, पेनड्राइव्ह पहिला, नेटवर्क बंद. सेल नवा. मग तिने मुद्दामच पेनड्राइव्ह न लावता कॉम्प्युटर सुरू केला. काहीच सापडलं नाही असा संदेश येणार, हे तिला नक्की माहीत होतं.

पडदा काही क्षण काळा राहिला. मग पांढरी ओळ उमटली. हाक जात होती. एक ठिपका, दोन, तीन. पाठीमागे कुठेतरी बारीक टिकटिक झाली म्हणून ती वाकून बघायला गेली. नेटवर्कच्या भोकाशेजारचा हिरवा दिवा लुकलुकत होता. भोक रिकामं होतं. तिने बोट घालून पाहिलं. बोटाला ओल लागली.

ती सरळ झाली तोवर सिस्टीम सुरू झाली होती.

तिचीच सिस्टीम. तीच निळी पार्श्वभूमी, तोच तमिळ फॉर्म, खाली बारीक अक्षरात तिचंच नाव आणि आवृत्तीचा नंबर. तिने ओळ न् ओळ तपासली. कोणीतरी आपला पेनड्राइव्ह उतरवून घेतलाय आणि शेजारच्या एखाद्या हॉटेलातून खोडसाळपणा करतंय, असं तिने स्वतःशी ठरवलं. वायफायवरून या जुन्या मशीनला हे जमत नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी तिने तसंच ठरवलं.

मग तिने कनकाला काल काय भरलंस ते दाखवायला सांगितलं. कनकाने यादी उघडली. एकतीस होड्या. तीस होड्यांपुढे दोन्ही आकडे सारखे. अकरा नंबरपुढे गेले पाच, आले सहा.

"हे कसं घेतलं याने?" मधुवंतीने विचारलं. तिच्या फॉर्ममध्ये हे शक्यच नव्हतं. आलेल्यांचा आकडा गेलेल्यांपेक्षा मोठा असू नये, अशी अट तिने स्वतः घातली होती. कारकुनाच्या हातून चूक होते, पाचाच्या जागी पंधरा पडतात, म्हणून.

कनकाने यादी मिटली. मग तिने सांगितलं की दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या पेनड्राइव्हवरच भरत होते, तेव्हा एक दिवस सहा आले आणि फॉर्मने घेतले नाहीत. लाल अक्षरं आली. चार वेळा टाकून पाहिलं. शेवटी मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह काढला आणि तशीच बसून राहिले. बटण पुन्हा का दाबलं ते ठाऊक नाही. ते आपलं आपण सुरू झालं आणि यात सहा चालले.

मधुवंतीने संजीवला फोन लावला आणि सर्व्हरवरची कोवलमची नोंद बघायला सांगितली. तिकडे की-बोर्डचा आवाज आला.

"कोवलमचं दोन आठवडे काहीच आलेलं नाही," संजीव म्हणाला. "मधुवंती, उद्या अधिकारी यायचेत आणि तू हे मला आज सांगतेस?"

पडद्यावर अकरा नंबरपुढे हिरवी खूण होती. नोंद जमा झाली. कुठे जमा झाली, ते विचारायला तिच्यापुढे कोणी नव्हतं.

४

"काका, सहावा माणूस कोण होता?" तिने कृष्णकांतरावांना विचारलं. तिला साधं उत्तर हवं होतं. दुसऱ्या होडीतला कोणी पोहत आला असेल, किनाऱ्यावरचा कोणी होडी ओढायला पाण्यात शिरला असेल आणि कनकाने तोही मोजला असेल.

कृष्णकांतराव उठले, कपाटातून जुन्या वह्या काढल्या आणि एकेक तिच्यापुढे ठेवल्या. पानं ओलीने फुगलेली, शाई पसरलेली. ते बोटाने दाखवत गेले. सात नंबर, गेले चार, आले पाच. दोन महिने सगळं सारखं. मग एकोणीस नंबर, गेले पाच, आले सहा. कधी वर्षातून एकदा, कधी लागोपाठ आठवडाभर. अक्षरं वेगवेगळ्या माणसांची होती. कनकाच्या आधीच्या कारकुनाचं, त्याच्याही आधीच्याचं. कोणीही खाडाखोड केलेली नव्हती, कोणीही समासात प्रश्नचिन्ह घातलं नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं चुकीचं लिहिताय?"

"चूक नाहीं. जितके उतरतात तितके लिहितों."

"पण तो जातो कुठे नंतर? दुसऱ्या दिवशी तर पुन्हा पाचच."

कृष्णकांतरावांनी वही मिटली. "बाई, आम्ही त्यास पुसत नाहीं. लिहिलें म्हणजे तो आपला जातो. यंत्र तुमचें, त्यांत अट घालावयाची कीं नाहीं तें तुम्ही पाहावें. माझें म्हणणें, घालूं नये."

चार दिवस ती हेलपाटे घालत होती, बॉसची बोलणी खात होती, आणि ही दोन माणसं तिला शांतपणे सांगत होती की हिशेब न जुळणं हीच इथली पद्धत आहे. तिला वाद घालायचा होता. पण खिडकीतून होड्या येताना दिसू लागल्या आणि कनका उठून गजांपाशी जाऊन उभी राहिली, ओठ हलवत मोजू लागली. खोलीत एवढी शांतता झाली की मधुवंतीला तिचं मोजणं ऐकू येत होतं. तिला खिडकीपाशी जावंसं वाटलं नाही. ती पाठ करून वायरी गुंडाळत बसली.

पाठीमागे कनकाने की-बोर्डवर आकडे भरले. अकरा नंबरपाशी ती थांबली नाही. फक्त एकदा श्वास घेतला.

५

शुक्रवारी मधुवंती पहाटे निघून सहाला कोवलमला पोचली. आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. वाळूवर उजाडलं होतं. अकरा नंबरची होडी पाचजण पाण्यात ढकलत होते. तिने मुद्दाम दोनदा मोजलं. वेलुने हिरव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या होत्या. तिला पाहून त्याने हात केला आणि होडीत उडी घेतली.

ऑफिसात शिरल्याबरोबर तिने पेटी उघडली, मदरबोर्डवर बसवलेलं नेटवर्कचं कार्ड स्क्रू काढून उपटलं आणि पिशवीत टाकलं. आता हाक घालायला तोंडच राहिलं नाही. पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं. सिस्टीम सुरू झाली, डोंगल जोडला गेला, अंबत्तूरहून संजीवने सांगितलं की कोवलम दिसतंय. कनकाने गेलेल्यांचे आकडे भरले. एकतीसच्या एकतीस सर्व्हरवर पोचले. मधुवंतीने बाहेर जाऊन दोन इडल्या खाल्ल्या. या आठवड्यात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

साडेअकराला होड्या परतू लागल्या. ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसत होतं. कनका गजांपाशी उभी राहून आकडे सांगत होती, मधुवंती भरत होती. तीन नंबर, चार. आठ नंबर, पाच. सोळा, चार. मग कनका बोलायची थांबली.

मधुवंती उठून तिच्याशेजारी गेली. अकरा नंबर वाळूला लागली होती. चकाकीपुढे माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या, दोन्ही बाजूंनी होडी धरून ओढणाऱ्या. तिने मोजलं. सहा. तिने डोळे चोळले आणि डावीकडून उजवीकडे पुन्हा मोजलं, मग उजवीकडून डावीकडे. सहा. किनाऱ्यावरचा कोणीतरी मदतीला आलाय, ती स्वतःला म्हणाली. दुसरं असणार काय? होडीच्या आसपास वाळूवर तर कोणीच नव्हतं.

कनका टेबलाशी जाऊन बसली आणि तिने सहा टाकले. लाल अक्षरं आली. आलेल्यांची संख्या गेलेल्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तिने पुन्हा सहा टाकले. पुन्हा लाल.

"अक्का, सहा लिहू द्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही पाहिलेत."

"कनका, सकाळी पाच गेले. मी स्वतः मोजले. पाच गेले तर पाचच येतील."

"बाई," कृष्णकांतराव कोपऱ्यातून म्हणाले, "तेवढें लिहूं द्यावें."

आणि मधुवंतीचा धीर सुटला. चारला अधिकारी, संजीवचे दर दहा मिनिटांनी येणारे मेसेज, सोमवारपासूनचे पावणेदोन-पावणेदोन तास, हिरवा पडलेला सेल, रिकाम्या भोकाशेजारचा दिवा. तिने की-बोर्ड कनकाच्या हाताखालून ओढून घेतला, सहा खोडले, पाच टाकले आणि एंटर दाबलं.

हिरवी खूण आली. नोंद जमा झाली. लगोलग संजीवचा मेसेज आला: छान, कोवलमची अकरा नंबरची नोंद आली.

कनका खिडकीकडे धावली होती. मधुवंतीने तिच्या खांद्यावरून पाहिलं. होडी वाळूवर चढली होती आणि तिच्याभोवती पाच माणसं होती. हे बघ, असं ती म्हणणार होती. पण कनका एकेका आकृतीवर बोट नेत होती, आणि पाचव्यापाशी तिचं बोट थांबून राहिलं.

६

तापल्या वाळूतून कनका अनवाणी गेली. मधुवंती मागोमाग गेली. होडीवरचे चौघे तिच्या ओळखीचे झाले होते. पाचवा थोडा दूर, समुद्राकडे तोंड करून जाळं घडी घालत होता. अंगात हिरवा शर्ट. तो पाहून मधुवंतीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"वेलु," तिने हाक मारली.

त्याने घडी घालणं थांबवलं नाही. बाकीच्यांचे कपडे वाऱ्याने वाळून मिठाने कडक झाले होते. त्याच्या शर्टातून मात्र पाणी निथळत होतं, थेंब थेंब नव्हे, सारखं, आणि पायाखालची वाळू ते पाणी पिऊन टाकत होती. जाळं तो उलट्या बाजूने गुंडाळत होता. शिकवलेलं कोणी तसं करत नाही. मग त्याने मान थोडी वळवली. मधुवंतीला एक कान, गालाची कड आणि ओठाचा कोपरा दिसला. कान वेलुचा होता, गाल वेलुचा होता. त्यात काय चुकलं होतं, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. ती एवढंच सांगायची की बघितल्याबरोबर आपण दोन पावलं मागे सरलो.

कनका दहा पावलांवर थांबली होती. तिने होडीवरच्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारलं की माझा भाऊ कुठे आहे. तो म्हणाला, पाच गेलो, पाच आलो, हा काय तुझा भाऊ. असं म्हणताना त्याने त्या बाजूला पाहिलं नाही. चौघांपैकी कोणीच पाहत नव्हतं.

चारला अधिकारी आले. पडद्यावर एकतीस हिरव्या खुणा पाहून त्यांनी कौतुक केलं आणि कागदी वहीवर सही करून ती बंद केली. कृष्णकांतराव त्या वेळी ऑफिसात नव्हते. ते घरी निघून गेले होते.

शनिवारभर मधुवंती घरी बसून ती अट काढत होती. काम पाच मिनिटांचं होतं, पण हात चालत नव्हते. रविवारी ती नवा पेनड्राइव्ह आणि ते उपटलेलं कार्ड घेऊन कोवलमला गेली. आधी तिने कार्ड परत बसवलं आणि काहीही न लावता कॉम्प्युटर सुरू केला. हाक जात राहिली. ठिपक्यांनी ओळ भरली, दुसरी भरली. मागचा दिवा लागला नाही. तिने अकरा वेळा बंद करून सुरू केलं. प्रत्येक वेळी शेवटी तेच: उत्तर नाही.

कनका दारात उभी राहून बघत होती. मधुवंतीने तिला घरचं विचारलं. तो घरीच आहे, असं कनका म्हणाली. मागच्या दारी बसून असतो. बसतो तिथली जमीन वाळत नाही.

"आई त्याला जेवायला वाढते," ती म्हणाली. "आई म्हणते, आला ना, मग झालं."

मधुवंतीने नवा पेनड्राइव्ह लावला आणि अट काढल्याचं दाखवलं. सोमवारीही ती कोवलमला होती. सकाळी अकरा नंबरमधून पाच गेले, मागच्या दारी बसणारा तो धरून. दुपारी पाच आले. कनकाने खिडकीतून नीट मोजलं, टेबलाशी आली आणि आलेल्यांच्या रकान्यात सहा भरले. हिरवी खूण आली. मग ती पुन्हा गजांपाशी जाऊन उभी राहिली. वाळूवरची माणसं जाळी खांद्यावर टाकून पांगली, कावळे आले, होडीची सावली दुसऱ्या बाजूला पडली. अजून थोडं थांबू या, असं ती मधुवंतीला म्हणाली. दोघी चार वाजेपर्यंत थांबल्या.

मधुवंती अजून त्याच कंपनीत आहे. नऊ गावांची नोंद रोज दुपारी तिच्यापुढे येते. आठ गावांचे आकडे जुळतात. कोवलमच्या अकरा नंबरपुढे कनका रोज भरते: गेले पाच, आले सहा. संजीवने दोनदा विचारलं की ही चूक दुरुस्त का होत नाही. बघते, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं.